बरडीवरचं बुटीबोरी

बुटीबोरीला माणसं कामाला जातात, बघायला कुणी जात नाही. नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की खापरी, गुमगाव मागे पडतं आणि साधारण तीस किलोमीटरवर चिमण्या, गोदामं, कंटेनरच्या रांगा दिसू लागतात. शिफ्ट सुटली की चहाच्या टपऱ्यांभोवती गर्दी होते, तर्रीपोह्याचा वास सुटतो, कंपनीच्या बसगाड्या हॉर्न वाजवत वळतात. पंचतारांकित औद्योगिक वसाहत, असं या सगळ्याचं सरकारी नाव. हे नाव वाचून एखाद्या नवख्याला इथं मोठं हॉटेल असेल असं वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. इथं टायर बनतात, धागा बनतो, विजेचे मनोरे बनतात. बुटीबोरीचा इतिहास विचारा, तर उत्तर बहुधा ‘एमआयडीसी आली तेव्हा’ असं सुरू होतं आणि तिथंच संपतं.

जरा जुनं माणूस भेटलं तर बुटी घराण्यापर्यंत जातं. नागपूरचे हे सावकार-मालगुजार. त्यांची बोरी म्हणून बुटीबोरी, असं नागपूरकर सांगतात. याच घराण्यातल्या गोपाळराव बुटींनी शिर्डीत दगडी वाडा बांधला आणि १९१८ मध्ये साईबाबांची समाधी त्याच वाड्यात झाली. म्हणजे शिर्डीच्या समाधी मंदिरात जाणारे लाखो लोक बुटींच्या वाड्यात जाऊन येतात, आणि बुटीबोरीच्या उड्डाणपुलावरून मात्र खाली न बघता निघून जातात.

खाली बघितलं तर काय दिसेल? सखल, काळ्या मातीचा पट्टा. वेणा नदी नागपूरच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांतून उतरते, बुटीबोरीच्या बाजूनं जाते, पुढं हिंगणघाटला वळसा घालून वर्ध्याला मिळते. तिच्या खोऱ्यात कृष्णा नावाची एक छोटी नदी आहे; साताऱ्याची नव्हे, बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची. उन्हाळ्यात या नद्यांकडे पाहून कुणालाही त्यांची भीती वाटणार नाही. पावसाळ्यात गोष्ट निराळी. काळी माती पाणी पिऊन फुगते, पांदण रस्ते चिखलानं भरतात, बंडीचं चाक आरीपर्यंत रुततं. मोठी नदी भरून वाहू लागली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं फिरतं. वर आभाळ कोरडं असलं तरी नाला चढत जातो. सखल भागात राहणाऱ्याला हे पाणी वाहत्या पुरापेक्षा जास्त फसवतं, कारण ते आवाज न करता येतं.

१८६३ च्या सप्टेंबरमध्ये याच मुलखात एक माणूस असा फसला. त्याचं नाव स्टीफन हिस्लॉप.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेज सुरू झालं १८८३ मध्ये, हिस्लॉप गेल्यानंतर वीस वर्षांनी. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात पोहोचला तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यानं शाळा काढली, धर्मप्रचार केला, आणि उरलेल्या वेळात दगड गोळा केले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं नागपूरच्या भूशास्त्राचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म त्याला सापडले. दख्खनचं पठार थांबून थांबून घडलं, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथं तळी साचत, त्यांत जीव वाढत, हे सांगणारा पुरावा नागपूरच्या वेशीवरून युरोपात गेला तो बराचसा त्याच्या हातून. गोंड लोकांच्या लिंगोची गाथाही त्यानं टिपून घेतली. धर्मांतरासाठी आलेल्या माणसानं दुसऱ्यांच्या देवाची कथा इतक्या काळजीनं लिहून ठेवावी, हा त्याच्या स्वभावातला विरोध आजच्या अभ्यासकांना सोयीचा पडला आहे.

मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल (हेच पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले) आणि हिस्लॉप त्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटला गेले होते ते तिथली दगडांची वर्तुळं पाहायला. ही वर्तुळं कोणी रचली याबद्दल तेव्हाचे इंग्रज अभ्यासक अंदाज बांधत. मध्य आशियातल्या सिथियन टोळ्यांचं नाव फार घेतलं जाई. टेंपल पुढं निघाले, हिस्लॉप मागं राहिले. ४ सप्टेंबरला परत बोरीकडं येताना, जाताना सहज ओलांडलेल्या ओढ्याला पाणी चढलेलं होतं. हिस्लॉप त्यात बुडाले. आणखी चार दिवसांनी ते ४६ वर्षांचे झाले असते. त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापले. गोंडांविषयीच्या पुढच्या बहुतेक लिखाणाला ते पुस्तक आधाराला घ्यावं लागलं.

टाकळघाटचं नाव जगाच्या अभ्यासात येतं ते या मृत्यूपासून, आणि हीच खटकणारी बाब आहे. या मातीची कथा सांगताना एका पाहुण्याचा मृत्यू हाती लागतो, पण त्याला वाट दाखवणारा, ओढ्याचं पाणी ओळखणारा, त्या दगडांना स्वतःच्या बोलीत काहीतरी म्हणणारा गावकरी हाती लागत नाही. त्या काळच्या अहवालांत असल्या माणसांची नावं क्वचितच येतात. निदान त्यांच्या गावात काय आहे, हे तरी त्यांच्या पणतवंडांना कळायला हवं होतं. १६० वर्षं होऊन गेली.

हिस्लॉपनंतर चार वर्षांनी, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे बुटीबोरीवरून नागपूरला पोहोचली. गाडी आली ती कापसासाठी. हिंगणघाटचा कापूस तेव्हा त्या नावानंच विकला जाई. मध्य प्रांताच्या कापसावर देखरेख करायला नेमलेला अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यालाही दगडांच्या वर्तुळांचा नाद होता. त्यानं नागपूरजवळच्या जुनापाणीला वर्तुळं उकरली, धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची नोंद केली, आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. तिथून निघालेल्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कापसाच्या गाठी ज्या वाटेनं गेल्या, त्याच वाटेनं या वस्तूही गेल्या असणार.

मग शंभर वर्षं टाकळघाटकडे फारसं कुणी फिरकलं नाही. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्व विभागानं शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट आणि शेजारचं खापा इथं उत्खनन केलं. (सावनेरकडचं विणकरांचं खापा वेगळं, नागपूर जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावं असणं नवलाचं नाही.) इथून खरी कथा सुरू होते, कारण या उत्खननानं एक गोष्ट दाखवली जी तोवर कुणी नीट दाखवली नव्हती: मेलेल्यांची जागा आणि जिवंतांची जागा, दोन्ही जवळजवळ.

विदर्भातल्या शिळावर्तुळांबद्दल तोपर्यंत जे माहीत होतं ते मृतांबद्दल होतं. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडायचे, आत चिकट काळी माती आणि दगडगोटे भरायचे, तळाशी मेलेल्याची हाडं आणि त्याच्या वस्तू ठेवायच्या. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याचे दागिने, काळी-तांबडी भांडी. कुऱ्हाडींचा एक प्रकार तर विदर्भाचीच खूण ठरला आहे: चपट्या पात्यावर आडव्या-तिडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या, दांडा पक्का बसावा म्हणून. काही ठिकाणी मेलेल्याबरोबर घोडा पुरलेला, त्याच्या तोंडातला लोखंडी लगाम तसाच. पण हे लोक राहत कुठं, खात काय, याचं उत्तर दफनात मिळत नाही. खाप्याला वर्तुळं खणली गेली आणि टाकळघाटला त्याच काळातली वस्ती. टाकळघाटच्या नमुन्यांच्या कार्बन चाचण्यांतून इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा काळ निघाला. सिथियनांचा तर्क मागं पडला. गौतम बुद्धाच्या जवळपासच्या काळात बुटीबोरीच्या या शिवारात लोखंड वापरणारं, घोडे पाळणारं, धोंडे ओढून आणण्याइतकं मनुष्यबळ असणारं गाव नांदत होतं.

नागपूर जिल्ह्यात पुढं आणखी उत्खननं झाली. माहूरझरीला मण्यांचा मोठा उद्योग दिसला. पारशिवनीजवळच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. गहू, जव, तांदूळ, मसूर असं धान्य निघालं. म्हणजे नागपूरच्या भोवताली त्या काळी निरनिराळ्या गावांत निरनिराळी कामं चालत असावीत आणि माल एकमेकांकडे जात असावा. टाकळघाटच्या बाजूनंच आज पोलादाचे मनोरे आणि टायर ट्रकांत भरले जातात, यात योगायोग किती आणि भूगोल किती, हा प्रश्न पडायला हरकत नाही. नागपूरहून दक्षिणेला उतरणारी वाट, बारमाही पाण्याची आशा, आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर कोरडी उंच जागा. गावाला आणि कारखान्याला, दोघांनाही हेच लागतं.

ती कोरडी उंच जागा, हाच या लेखाचा मुद्दा आहे.

मध्य प्रांताच्या जमाबंदीत जमिनीची प्रतवारी लावली जाई: काळी, मोरांड, खरडी, बरडी. ही नावं सरकारनं शोधली नव्हती, शेतकऱ्यांच्या तोंडची होती. काळी आणि मोरांड नदीकाठाला, सखल भागात. तिथं गहू, कापूस. खरडी हलकी. बरडी सगळ्यांत शेवटची: उंचवट्यावरची मुरमाड जमीन, वर बोटभर माती, खाली दगड. नांगर धरत नाही, पाणी थांबत नाही. सारा कमी, किंमत कमी. आणि विदर्भातली शिळावर्तुळं बहुतेक याच जमिनीवर आहेत. कारण सरळ आहे. जिवंत माणसांना काळी माती हवी होती, ती पेरायला. मेलेल्यांना त्यांनी बरडीवर नेलं, जिथं पीक बुडत नव्हतं आणि पूर पोहोचत नव्हता. अडीच हजार वर्षं हा करार कुणी मोडला नाही. मोडण्यात फायदाच नव्हता. भोसल्यांच्या पाटलाला, इंग्रजांच्या मालगुजाराला, स्वातंत्र्यानंतरच्या खातेदाराला, कुणालाही बरडीत रस नव्हता. गुरं चारायची, काटक्या आणायच्या. दगडांच्या वर्तुळांना कायद्यानं नव्हे, या दुर्लक्षानं जपलं.

नव्वदच्या दशकापासून हिशेब उलटा झाला. उद्योगाला सुपीक जमीन नको, सपाट आणि कठीण जमीन हवी. पाया बरडीत चांगला बसतो, पुराची भीती नाही, आणि ‘पडीक’ म्हणून नोंद असली की संपादनाला विरोध कमी. रस्त्यांना मुरूम हवा, तोही बरडीतूनच निघतो. लेआउट टाकणाऱ्याला नदीकाठ नको, उंचवटा हवा. अडीच हजार वर्षं ज्या जमिनीला किंमत नव्हती ती नागपूर ते बुटीबोरी या पट्ट्यात आता सगळ्यांत महाग. समृद्धी महामार्गाचं नागपूरकडचं टोक याच दिशेला आहे. जमिनीचा भाव चढला की त्या जमिनीवरच्या दगडाचा भाव पडतो. जिल्ह्यात ठिकठिकाणी वर्तुळातले धोंडे बांधाला, पायाला, भरावाला गेले आहेत. ते नेणाऱ्यात दुष्टपणा नव्हता. शेतात गोल मांडलेले दगड पडलेत आणि ते कुणाचे नाहीत, एवढंच त्यांना दिसत होतं.

‘कुणाचे नाहीत’ हे मात्र खरं नाही. जुनापाणी, टाकळघाट आणि नागपूर जिल्ह्यातल्या आणखी बऱ्याच ठिकाणांची शिळावर्तुळं केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. कागदावर हे ताजमहालाला मिळतं तेवढंच संरक्षण. पण ताजमहालाला भिंती आहेत. शिळावर्तुळांचे समूह गावाच्या शिवारात, गवतात, दोन गट नंबरांच्या मध्ये विखुरलेले असतात. एक यादीत, त्याच्या पलीकडचं नाही. यादीतल्यालाही पुरातत्त्व खात्याचा निळा फलक मिळतो, ज्यावर हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं असून त्याला इजा केल्यास शिक्षा होईल असं लिहिलेलं असतं. हे दगड कोणी, कधी, कशासाठी मांडले, हे सांगण्यापेक्षा दंड सांगण्याची घाई फलकाला जास्त असते. गुराख्याच्या पोरानं तो वाचला तर त्याला एवढंच कळेल की इथून लांब राहावं.

याला उत्तर म्हणून कुणी म्हणेल, पोटाला काम लागतं, दगड चाटून पोट भरत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. बुटीबोरीनं विदर्भाच्या किती पोरांना मुंबई-पुण्याला जाण्यापासून अडवलं, हे टाकळघाटच्या भाड्याच्या खोल्यांत कळतं. एका खोलीत चौघं, दोघं रात्रपाळीला तर दोघं दिवसपाळीला, म्हणजे गादी कधी गार होत नाही. गावाला भाडं मिळतं, किराणा चालतो, विक्तूबाबांच्या देवस्थानाला येणारी गर्दी वेगळीच. कारखाने नकोत असं म्हणणारा माणूस या खोल्यांत कधी गेलेला नसतो. पण इथं निवड कारखाना की वर्तुळ अशी नाहीच. प्रश्न आधी बघण्याचा आणि मग नांगर फिरवण्याचा आहे.

सखल मुलुख, उद्योग आणि उत्खनन यांचं भांडण जगात इतरत्रही झालं आहे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात दलदलीचा मोठा सखल पट्टा आहे. तिथं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापून विकण्याचा धंदा चालत असे. १९७० मध्ये रे स्वीट नावाच्या पीट काढणाऱ्या कामगाराला नाला साफ करताना एक लाकडी फळी लागली. त्यानं ती फेकली नाही, मालकाला दाखवली, मालकानं केंब्रिजला पाठवली. ती निघाली दलदलीतून जाणाऱ्या लाकडी पायवाटेची फळी. झाडांच्या खोडातल्या वर्षवलयांवरून त्या वाटेचं लाकूड इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६ च्या हिवाळ्यात तोडलं होतं, इतकं नेमकं कळलं. आज त्या वाटेला त्या कामगाराचंच नाव आहे, स्वीट ट्रॅक. पुढं १९७३ पासून १९८९ पर्यंत जॉन आणि ब्रायोनी कोल्स यांच्या पुढाकारानं पीट कापणाऱ्यांच्या बरोबरीनं अभ्यासकांची तुकडी काम करत राहिली. धंदा थांबला नाही. १९९० पासून तर इंग्लंडमध्ये जमीन विकसित करणाऱ्यानंच आधी पुरातत्त्वाची तपासणी करून घ्यायची, असा पायंडा पडला.

हे फक्त तिकडं जमतं असं समजू नये. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्यात नागार्जुनकोंडा बुडणार हे ठरल्यावर १९५४ ते १९६० अशी सलग सहा वर्षं भारतीय पुरातत्त्व खात्यानं ते खोरं खणलं; स्तूप, विहार, शिल्पं वाचवली, काही वास्तू दगडन्‌दगड उचलून उंच टेकडीवर परत उभ्या केल्या. ती टेकडी आता जलाशयातलं बेट आहे आणि तिथं संग्रहालय आहे. नवं राज्य, हातात पैसा कमी, अन्नधान्याची टंचाई, तरी हे झालं.

विदर्भात मात्र पाणी आलं ते वेगळ्या घाईनं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं. ३७२ कोटींचा अंदाज कित्येक हजार कोटींवर गेला, २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला, आणि भंडारा-कुहीच्या बाजूची गावं एकामागून एक बुडीत क्षेत्रात गेली. कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याला आता विस्तीर्ण पाणी आहे, देखणा पूल आहे, बोटी आहेत. सुट्टीच्या दिवशी नागपूरकर तिथं ‘बॅकवॉटर’ बघायला जातात. त्या पाण्याखाली कोणाचं घर होतं, कोणतं देऊळ, कोणतं जुनं पांढरीचं टेकाड होतं, हे सांगणारा एक तक्ता तिथं असता तर फोटो काही बिघडले नसते. जवळच्या पवनीला १९६९-७० मध्ये बौद्ध स्तूप निघाले तेही शां. भा. देव यांच्याच सहभागानं; कुही तालुक्यातल्या अडमला नंतर उत्खनन झालं. माहिती नाही असं नाही. ती विद्यापीठाच्या कपाटात आणि इंग्रजी अहवालांत आहे. गावात नाही.

बुटीबोरीलाही आपलं छोटं बुडीत क्षेत्र आहे. वेणेवरच्या वडगाव जलाशयाचं पाणी औद्योगिक वसाहतीला जातं. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात आणि दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मंडळी पहाटे हजर होतात. त्यातल्या निम्म्यांना जरी सांगितलं की इथून काही अंतरावर अडीच हजार वर्षांपूर्वीचं गाव आणि त्याचं स्मशान दोन्ही आहेत, तर त्यांचा दुपारचा कार्यक्रम आपोआप ठरेल. पर्यटन वाढवायचं म्हणून भव्य योजना आखण्याची गरज नाही. उलट भव्य योजनेचीच भीती वाटते: काँक्रीटची कमान, ‘आय लव्ह टाकळघाट’ची अक्षरं आणि वर्तुळाच्या मधोमध हायमास्ट दिवा.

सखल जागेचा इतिहास कळण्यात एक रोकडा फायदाही आहे, जो पुरातत्त्ववाले सांगत नाहीत. जुन्या लोकांनी वस्ती कुठं केली, कुठं टाळली, ही पाण्याची सगळ्यांत जुनी नोंदवही आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरं बुडाली, आणि मग सगळ्यांना आठवलं की नदीला स्वतःची जागा असते. बुटीबोरीच्या भोवती आता नाल्यांच्या कडेनं लेआउट पडत आहेत, काही ठिकाणी नाल्याचं पात्र भराव टाकून पाइपात कोंबलं जातं. वेणा चढली की त्या पाइपातलं पाणी कुठं जाणार, याचं उत्तर नकाशा काढणाऱ्यानं घर विकण्याआधी द्यायला हवं. हिस्लॉप बुडाले तो ओढा नेमका कोणता, यावर अभ्यासकांनी वाद घालत बसावं. पण असा ओढा इथं एकच नाही, हे बुटीबोरीच्या कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारून कळतं.

मग करायचं काय? देव यांचा टाकळघाट-खाप्याचा अहवाल नागपूर विद्यापीठानं १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा मराठीत, शाळकरी मुलांना वाचता येईल असा, चाळीस पानी सारांश काढायला विद्यापीठाला फार मोठा निधी लागणार नाही. ज्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा पैसा कायद्यानं खर्च करावाच लागतो, त्यांच्यापैकी एकीनं शाळेला बाक आणि पाण्याची टाकी देता देता हेही छापून द्यावं. उत्खननात निघालेल्या वस्तूंच्या प्रतिकृती, निदान एक कुऱ्हाड, एक लगाम, दोन मडकी, टाकळघाटच्या शाळेत काचेच्या कपाटात ठेवता येतील. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या पोराला आडव्या-तिडव्या पट्ट्यांनी आवळलेली ती कुऱ्हाड हातात दिली तर तो तिची बांधणी इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा चांगली समजावून सांगेल.

यापेक्षा महत्त्वाचं काम नकाशाचं आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या आराखड्यात रस्ते, जलवाहिनी, वीजवाहिनी, हरित पट्टा, सगळं रंगवून दाखवलेलं असतं. त्यावर आणखी एक थर चढवावा: बुटीबोरी, टाकळघाट, खापा आणि आजूबाजूच्या शिवारांत कोणत्या गट नंबरात वर्तुळं आहेत, किती शाबूत, किती मोडलेली. भूखंड वाटण्याआधी हा थर बघायचा. वर्तुळ असेल तर तेवढा तुकडा हरित पट्ट्यात टाकायचा, नाहीतरी तो पट्टा कुठंतरी सोडावाच लागतो. वर्तुळ हलवणं अटळच असेल तर आधी नीट खणून नोंद करायची आणि त्याचा खर्च भूखंड घेणाऱ्यानं सोसायचा. संबंध कारखान्याच्या खर्चात तो दिसणारही नाही. पाहणीचं काम नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना एका हंगामात जमेल, सोबत प्रत्येक गावचा कोतवाल आणि एक गुराखी घ्यावा, कारण बरडीवर कुठं काय पडलं आहे हे त्यालाच माहीत असतं. एप्रिल-मे हा हंगाम बरा. ऊन रणरणतं, पण गवत वाळून बसलेलं असतं आणि धोंडे लांबून दिसतात.